गावकाराच्या दारावरचं तोरण

आबा,

परवा गावात तुमचा किस्सा पुन्हा सांगितला गेला. देवळाच्या सभामंडपात डोंगर-समितीची बैठक होती. वनखात्याचे एक तरुण साहेब नव्यानं बदलून आलेत, ते आले होते. त्यांना आपल्या गावचा दंड समजावून सांगताना खालच्या वाडीतला एकजण म्हणाला, "सायबानू, आमच्या डोंगराचो पयलो चोर कोण, म्हायत आसा? आमचो गावकारच!" झालं, सगळा मंडप हसायला लागला. मग नेहमीची कथा. डोंगरावर बंदी घातली, आणि दुसऱ्याच दिवशी गावचा पहिला मानकरी असलेला म्हातारा गावकार बंदी विसरला, डोंगरातलाच आंब्याचा टाळ, म्हणजे पानांची डहाळी, तोडून आपल्या दारावर तोरण बांधून मोकळा झाला, आणि चूक कळल्यावर त्यानं स्वतःलाच दंड केला. साहेबांनी वहीत लिहून घेतलं. मी खांबाला टेकून बसले होते. तुम्ही आणि विसरणार? कोणाच्या लग्नात कोणाला विडा द्यायचा राहिला हे वीस वर्षांनी सांगणारा माणूस! तुम्ही जाऊन तीस वर्षं होऊन गेली, आणि गावात तुमची हीच एक गोष्ट उरली आहे. तीही खोटी.

खरी गोष्ट मला ठाऊक आहे. ती लिहायला बसले आहे.

जिल्हा तेव्हा नुकता वेगळा झाला होता. ओरोसला माळ होता नुसता, आणि आमची वनीकरणाची कचेरी कुडाळात भाड्याच्या दोन खोल्यांत. तिथं मी टंकलेखक. गावातली सरकारी नोकरी करणारी पहिली मुलगी म्हणून तुम्ही एसटीच्या थांब्यावर सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारायचात, "चेडवा, कचेरीची किल्ली घेतलंस मां?" किल्ली शिपायाकडे असायची, हे तुम्हांला पक्कं ठाऊक. मी चिडायचे, आणि मनातून फुलायचे. तिकडं डोंगर मात्र दरवर्षी बोडका होत चालला होता. भट्ट्यांसाठी लाकूड नेणारे ट्रक पायथ्याशी उभे राहायचे, आणि उरलंसुरलं आपली माणसं चुलीसाठी न्यायची. देवळामागची तळी पूर्वी बारमाही, ती त्या वर्षी होळीलाच आटली. पालखीच्या दिवशी देवाला स्नान घालायला पाणी खालच्या वाडीतल्या विहिरीतून आणलं. तुम्ही पालखीच्या पुढं होतात. घरी आल्यावर जेवला नाहीत. आई म्हणाली, "पोट बरा नाय काय?" तुम्ही म्हणालात, "देवाक शेजाऱ्याकडचा पाणी मागूची पाळी इली. माका जेवाण खंय जातला?"

म्हणून कचेरीत सामाईक जमिनीवर झाडं लावायची योजना आली तेव्हा मीच साहेबांच्या टेबलावर आपल्या गावाचं नाव ठेवलं. सरकार रोपं देणार, खड्डे खणून देणार, गावानं काही वर्षं चराई आणि तोड बंद ठेवायची. साहेब घाटावरचे, सरळ माणूस, कागदावर जीव. ते आपल्या पडवीत बसून म्हणाले, "गावकार, इथं जमीनमालकाची सही लागेल." तुम्ही चष्मा कपाळावर ढकललात. "साहेब, मी करतो हो सही. पण जमीन माझी नाही. सातबाऱ्यावर देवाचं नाव आहे." कचेरीतल्या माणसाशी तुम्ही अशी पुस्तकी भाषा बोलायचात आणि मला हसू आवरायचं नाही. मग माझ्याकडं वळून हळूच, "देवाची सही मी खंयसून हाडू गो?"

शेवटी कौल लावायचं ठरलं. गुरवानं देवाच्या दोन्ही अंगांना ओल्या कळ्या लावल्या, तुम्ही हात जोडून विचारलंत, डोंगर सरकाराबरोबर राखायचा काय? कळी पडली ती डावीकडची. नकार! साहेबांचा चेहरा मला अजून दिसतो. इतके खड्डे मंजूर, आणि एका कळीनं सगळं बुडवलं. मला तर तुमचाच राग आला होता. तुम्ही मात्र शांतपणे माझ्या हातातली रोपांची यादी मागितलीत आणि वाचायला लावलीत. निलगिरी, सुबाभूळ, पुन्हा निलगिरी. "ह्या झाडांची सावली देवाक म्हायत नाय," तुम्ही म्हणालात, आणि प्रश्न बदलून पुन्हा कळ्या लावायला सांगितल्यात. ऐन, किंजळ, शिवण, जांभूळ, रातांबो लावूचो काय? आता उजवी पडली, आणि ती पडायच्या आधीच जणू तुम्हांला ठाऊक होती. साहेबांनी तिथंच यादीवर लाल शाईनं काट मारली. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "फाइलीत काय लिहायचं? देवानं उजवा कौल दिला?" तुम्ही ऐकलंत. "लिवा की. खोटा काय आसा तेच्यात?" मी टंकलं, ग्रामस्थांची संमती गावच्या प्रथेनुसार घेण्यात आली. नियमसुद्धा मीच टंकले. त्यातला दुसरा मला आजही तोंडपाठ आहे: बंद क्षेत्रातील कोणतेही ओले झाड, फांदी अथवा पाला कोणीही, कोणत्याही कारणासाठी तोडणार नाही.

सगळ्यांना हे गोड लागलं नव्हतं. मोळ्या विकून पोट भरणारी ती वरच्या वाडीतली म्हातारी भर मंडपात उभी राहिली. "गावकारांनू, माझ्या चुलीत काय घालू? तुमचो ठराव?" तुम्ही तिला खाली बसवलं नाहीत. सोमवारी आणि गुरुवारी पडलेलं सुकं लाकूड न्यायची मुभा तिच्यासाठी तुम्ही साहेबांशी भांडून मिळवलीत. ती तरी कुरकुरत म्हणाली, "बघूया. नियम गरिबाक असतत." पाऊस लागला, नव्या यादीतली रोपं आली, आणि लावणीच्या आदल्या दिवशी तुम्ही गाऱ्हाणं घातलंत. आबा, तुमचा तो आवाज! "बा देवा म्हाराजा! आज ह्यो तुझो गाव तुझ्या पायाकडे उभो आसा. ह्या डोंगरार जो कोण कोयतो घालीत, तो ल्हान असो, थोर असो, मानकरी असो, तेका तुझ्या दारात उभो कर म्हाराजा!" आणि सगळा गाव, "होय म्हाराजा!" बाजूला पाहते तर आमचे घाटावरचे साहेब, हातात फाइल, तेही ओरडताहेत, "होय म्हाराजा!" मीही ओरडले. चांगली घसा फोडून ओरडले.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी डोंगरातला आंब्याचा टाळ तोडला.

का तोडला म्हणाल, तर तोरणासाठी. रोपं लावायला साहेब येणार, आधी आपल्या घरी चहाला येणार, गावकाराच्या दाराला तोरण नको? परसातल्या कलमाला हात लावलेला तुम्हांला खपायचा नाही. डोंगराच्या पाणंदीवर तो रायवळ हाताशी आला होता, रुंद, काळसर हिरव्या पानांचा. एक टाळ, कोयतीचा एक घाव. शपथेवर सांगते, मनात आलंसुद्धा नाही. आलं असेल तर एवढंच, की बंदी जळणाला; देवाधर्माच्या, पाहुण्यांच्या टाळाला कुठली बंदी? तो नियम मी स्वतःच्या बोटांनी टंकला होता, तीन कार्बन घालून. "कोणत्याही कारणासाठी" हे शब्दसुद्धा माझेच, साहेबांनी नुसतं "कोणीही" सांगितलं होतं. शहाणपणाला काही सीमा?

साहेब आले. तोरण बघून खूष झाले. म्हणाले, "वा, काय पानं आहेत!" आणि अंगणात जमलेल्या पाचपन्नास माणसांच्या माना दाराकडं वळल्या. गावातल्या माणसाला पान बघून झाड सांगता येतं, हे त्या घाटावरच्या माणसाला काय माहीत! तुम्ही पुढं आलात, एक पान चुरगाळून वास घेतलात. "ह्यो टाळ खंयचो?" आई स्वयंपाकघराच्या दारात, हातात चहाचा पेला तसाच. मी साहेबांच्या शेजारी उभी, नवं पातळ नेसून, रोपवाटपाचा कागद छातीशी धरून. तेवढ्यात ती मोळीवाली म्हातारी बोललीच. "मी ओली मोळी आणली तर चोरी, आणि गावकाराच्या दारार टाळ लागलो तर शोभा?" कुंपणानंच शेत खाल्लं होतं. त्या क्षणी सगळा डोंगर त्या म्हातारीच्या एका वाक्यावर टांगलेला होता. तुम्ही हसून सोडून दिलं असतंत, तर संध्याकाळपर्यंत पन्नास कोयत्या डोंगरात गेल्या असत्या, आणि कोणाला अडवायचं तोंड राहिलं नसतं.

साहेबच मध्ये पडले. "जाऊ द्या हो गावकार, तोरणाचं काय एवढं!" तुम्ही त्यांच्याकडं पाहिलंतसुद्धा नाही. डोक्यावरची टोपी काढलीत, आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालात, "दार माझा, तेच्यावरचा तोरण माझा, म्हणजे चूकय माझी. हात कोणाचो, ता इचारूची गरज नाय." दंडही तिथंच तुम्ही ठरवलात. तोडल्या टाळामागं पाच रोपं, आणि त्यांना दिवाळीपासून मिरगापर्यंत खालच्या ओढ्यातून, व्हाळातून पाणी. "पैसो नको. पैसो श्रीमंताक जड नाय. पाणी सगळ्यांक सारख्याच जड." मग तुम्ही अनवाणी देवळात गेलात आणि देवाच्या दारात उभे राहिलात, काल गाऱ्हाण्यात म्हटल्याप्रमाणे. तुमच्या मागं सगळं अंगण चालत गेलं. मीही गेले. पगार घेणारी, इंग्रजी टंकणारी, गावकाराची लेक, आणि एक साधं वाक्य बाहेर पडलं नाही, की टाळ मी तोडला.

दिवाळी झाली. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे तुम्ही घागर काढलीत. साठी उलटलेली, गुडघा दुखरा. मी एसटीची तयारी करत होते. तुम्ही दारातून परत फिरलात आणि आईची लहान कळशी माझ्यासमोर धरलीत. "तीन रोपां माझी. दोन तुझी. नोकरी सांभाळून जमात मां?" बस, एवढंच. ना एक शब्द जास्त, ना नजरेत काही. मी कळशी घेतली. तेव्हाच मला कळलं, की तुम्हांला कळलं आहे. बहुतेक पान चुरगाळलंत तेव्हाच. मग सात महिने रोज पहाटे आपण दोघं व्हाळावरून डोंगर चढतोय. तुम्ही पुढं, घागरीचं पाणी खांद्यावरून पाठीवर ओघळतंय, आणि तोंडानं चालूच, ही शिवण, हिचा पाळणा करतात, ह्यो किंजळ, पाण्यात कुजत नाय. लोक दाराशी उभे राहून बघायचे. फाल्गुनात एक दिवस ती मोळीवाली म्हातारी वाटेत भेटली, डोक्यावर हंडा. तुम्ही विचारलंत, "तुका कोणी दंड केल्यान गो?" ती म्हणाली, "माका कोण करतलो! वायच पाणी उरला होता." आणि तरातरा पुढं जाऊन कुठल्याशा तिसऱ्याच रोपाला ओतून आली. त्यानंतर डोंगरावर राखणदार ठेवायची गरज पडली नाही. तुमचा मला इतका अभिमान वाटायचा आबा, की कचेरीत गावाचं नाव निघालं तरी मी खुर्चीत ताठ बसायचे. आणि त्याच वेळी आत कुठंतरी कळशी डुचमळायची.

मिरगाचा पाऊस लागला त्या सकाळी तुम्ही घागर पालथी घातलीत आणि म्हणालात, "फिटला गो." मी विचारलं, "काय फिटला?" जसं काही मला कळलंच नव्हतं. तुम्ही हसलात आणि चहा मागितलात. तेव्हा तरी बोलायचं होतं. त्यानंतर तुम्ही बरीच वर्षं होतात, शेवटची तीन अंथरुणावर. तोवर माझं बिऱ्हाड कुडाळात गेलं होतं; आले की मी उशाशी बसून वर्तमानपत्र वाचून दाखवलं, पाय दाबले, आणि ते एक वाक्य प्रत्येक सुट्टीत कुडाळला परत घेऊन गेले.

पाचही झाडं आहेत. शिवणीला मिठी मारायला आता दोन माणसं लागतात. तळी वैशाखातही भरलेली असते, देवाला शेजाऱ्याचं पाणी मागावं लागत नाही. वनखात्याशी भांडणं होतात, मिटतात, समितीत आता बायका आहेत, आणि दंड तोच आहे, पाच रोपं, दिवाळी ते मिरग. गेल्या वर्षी सरपंचाच्या मुलानंही वाहिलं पाणी, मुकाट्यानं. कोणी नाराज झालं की लोक म्हणतात, अरे, गावकारानं वाहिलं, तू कोण? ह्या एका वाक्यावर डोंगर उभा आहे. म्हणून मी स्वतःला समजावते, की खरं सांगितलं तर गोष्ट मोडेल, डोंगराला धक्का लागेल. किती सोयीचं आहे बघा! खरी गोष्ट उलट मोठी आहे. विसरलेल्या माणसानं स्वतःला दंड करणं वेगळं, आणि चूक आपली नाही हे ठाऊक असून लेकीची घागर आपल्या खांद्यावर घेणं वेगळं. तुम्ही विसराळू नव्हतात, हे गावाला कळायला हवं.

हे पत्र टाकायला पेटी नाही. तुम्हांला तर ह्यातलं नवीन काहीच नाही. हे ज्यांना सांगायचं ते सगळे इथं, हाकेच्या अंतरावर राहतात. पुढच्या बैठकीत उठून सांगेन म्हणते. असं गेल्या बैठकीच्या वेळीही म्हटलं होतं. टाळ मी तोडला, आबा. आणि परवा सगळे तुम्हांला हसले, तेव्हा त्यांच्याबरोबर मीही हसले.