तिथली खाज

३ फेब्रुवारी

आज भर चौकात ब्रेक दाबला! रस्त्यात काहीच नव्हतं. ना माणूस, ना कुत्रं. जे काही होतं ते माझ्या अंगात होतं.

शिकाऊ गाडीत दोन ब्रेक असतात — एक शिकणाऱ्याच्या पायाशी, एक माझ्या. सिग्नल सुटला. हळूबाईंनी कधी नव्हे तो क्लच नीट सोडला. हळूबाई म्हणजे माझी सध्याची विद्यार्थिनी, शाळेत गणित शिकवते, आणि गाडी अशी चालवते की सायकलवाले मागे वळून हसतात. तर आज तिला जमलं, आणि नेमकी तेव्हाच खाली अशी आग झाली की माझा पाय आपोआप दाबला गेला. गाडी गपकन बंद. मागे हॉर्नचा नुसता गोंधळ. बिचारी रडवेली झाली — "मॅडम, माझं काय चुकलं?"

"काही नाही. असे धक्के बसतात. सवय करून घ्या." हे मी म्हणाले. वर तोंड करून!

इतकी वर्षं लोकांना गाडी शिकवतेय, उगाच ब्रेक कधी दाबला नव्हता. घरी येईपर्यंत मनाला लागून राहिलं.

६ फेब्रुवारी

खाज. दुसरं काही सुचत नाही.

८ फेब्रुवारी

नीट लिहून काढते. इथे तरी कशाला लाजायचं?

"तिथे" खाज सुटते. तिथे, खाली, त्या जागी — सत्तेचाळीस वर्षांची घोडी झाले आणि स्वतःच्या वहीतसुद्धा नुसतं बोट दाखवतेय. योनी. घे, लिहिला शब्द. छप्पर काही कोसळलं नाही.

तर योनीला खाज सुटते. बाहेरच्या बाजूला जास्त. आत सगळं कोरडं ठाक, सालपट निघाल्यासारखं. लघवीला गेलं की चुरचुरतं. दिवसभर रेक्झिनच्या सीटवर बसायचं, हसतमुखानं "आरसा बघा, इंडिकेटर द्या" म्हणत राहायचं आणि चोरून मांड्या आवळायच्या. खाजवता येत नाही, उठता येत नाही. सीटवर टॉवेलची घडी ठेवायला लागले तर मालक म्हणाले, "कंबर धरली का हो?" म्हटलं, हो. आता सगळ्या ड्रायव्हिंग स्कूलला माझ्या कमरेची काळजी! एकानं पट्टासुद्धा आणून दिला.

पाळीचाही काही नेम राहिलेला नाही. गायब तर गायब, आणि आली की नळ फुटल्यासारखी.

राग कशाचा येतोय सांगू? या शरीराची मी कधी हेळसांड केली नाही. वेळेवर जेवले, रोज चालले, अंग लख्ख ठेवलं. एक पोर झाली, वाढवली, हॉस्टेलवर धाडली — तोवर यानं कधी कुरकुर केली नाही. आणि आता, जरा कुठे मोकळी झाले तर यानं असं उलटावं? शुद्ध दगा आहे हा.

१० फेब्रुवारी

औषधाच्या दुकानात गेले. गर्दी. "खाजेवर मलम द्या," हळूच म्हटलं.

दुकानदार सगळ्यांना ऐकू जाईल असं — "कुठं लावायचंय?"

"पायाला," मी म्हणाले.

त्यानं पायाचं मलम दिलं. बोटांच्या बेचक्यातल्या बुरशीवरचं. आणि मी शहाणीनं ते घरी आणून लावलं. पाय नव्हता तो!

११ फेब्रुवारी

आग! आग! आज सुट्टी टाकली. कारण — कंबर.

१५ फेब्रुवारी

हा परवा आला. माझा नवरा लिफ्ट बसवायच्या कामावर असतो, दर महिन्यात पंधरवडाभर तरी बाहेरगावी. आला की घर कसं भरल्यासारखं वाटतं. मोठ्यानं बोलतो, नळ गळत असेल तर दुरुस्त करतो, माझ्या हातचा पातळ चहा नावं ठेवत दोनदा पितो.

आज रविवार, दुपारी दोघंच. जवळ आला. मलाही हवा होता — हे लिहिते कारण हे खरं आहे. मन तयार, आणि अंग? अंगानं दारच लावून घेतलं. काचेचे तुकडे फिरवल्यासारखं दुखलं. दात आवळून पडून राहिले, पण याला कळलंच.

"काय झालं? रडतेस?"

मग सांगून टाकलं सगळं. खाज, आग, मलम, सगळं. मला वाटलं हसेल, मलमावर तरी. पण याच्या तोंडचं पाणीच पळालं. उठून बसला. "कधीपासून? पुरळ आहे का? काही पांढरं जातं का?" एकामागून एक प्रश्न. असा गांगरलेला मी याला मुलीच्या जन्माच्या वेळी पाहिला होता. किती जीव आहे याचा माझ्यावर, असं वाटून आणखीच रडू आलं.

भीती एकच आहे, ती इथेच लिहिते. हा कंटाळेल. अजून पन्नाशीचाही झाला नाही. अशा बायकोशी किती दिवस सबुरीनं वागेल? मला बरं व्हायचंय. याच्यासाठी नाही — म्हणजे याच्यासाठीही, पण आधी माझ्यासाठी. मला माझा नवरा हवाय.

१८ फेब्रुवारी

हा आपणहून हॉलमध्ये झोपायला लागला. "तुला त्रास नको." मी न सांगता! वर रोजचं पालुपद — डॉक्टरकडे जा, सगळ्या टेस्ट करून घे, सगळ्या. टॉवेलसुद्धा वेगळे केले यानं. म्हणे स्वच्छता बरी.

बायका नवऱ्यांबद्दल काय काय सांगतात! माझा बघा.

२१ फेब्रुवारी

डॉक्टरकडे जायची लाज वाटते, म्हणून घरगुती उपाय. जंतुनाशक घालून कढत पाणी, सुगंधी साबण, लघवीला जाऊ तेव्हा धुवायचं. घासून घासून. घाण झालीय तर निघेल की नाही?

निघाली ती कातडी! आज हळूबाईंबरोबर उतारावर थांबून गाडी सुरू करायचा धडा होता. मी इतकी वळवळत होते की ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही घाबरलात का? मी गाडी मागे जाऊ देणार नाही." आणि खरंच नाही जाऊ दिली. तिचं कौतुक करायचं राहूनच गेलं.

२५ फेब्रुवारी

ताईला फोन केला. आम्ही दोघी सख्ख्या बहिणी, तिच्यात-माझ्यात सहा वर्षांचं अंतर. एका ताटात जेवलो, एकमेकींचे कपडे घातले. पहिली पाळी आली तेव्हा मी मरते की काय म्हणून ओरडत होते, तर हिनंच मोरीत नेऊन सगळं समजावलं होतं. तिच्यापासून काय लपवायचं? सगळं सांगितलं.

तिकडे टीव्ही बंद झाला, दार लोटल्याचा आवाज आला.

"मलाही होतं," ती म्हणाली.

"काय होतं?"

"हेच. झाली चार-पाच वर्षं."

चार-पाच वर्षं! दर आठवड्याला फोन होतो आमचा. शेजारणीच्या सुनेच्या भानगडी सांगते, पडद्यांचा रंग विचारते, आणि हे? मूग गिळून बसली. मी इथे पायाचं मलम लावून तडफडतेय आणि हिला सगळं ठाऊक होतं!

"सांगितलं का नाहीस?" मी ओरडलेच.

"त्यात सांगायचं काय? वयाचं असतं. सोसायचं."

फोन आपटला. आधी शरीरानं दगा दिला, आता बहिणीनं.

२७ फेब्रुवारी

ताईचा फोन. उचलला नाही. पुन्हा आला. उचलला.

आवाज बसलेला. म्हणाली, "मला वाटायचं मला एकटीलाच झालंय. माझंच काहीतरी घाण आहे. तुला सांगितलं असतं तर तू माझ्या घरी पाणी पितानासुद्धा विचार केला असतास, असं वाटायचं."

मग दोघीही रडलो. भावोजी केव्हाच दुसऱ्या खोलीत गेलेत म्हणे. एकदा तिनं नको म्हटलं, दोनदा नको म्हटलं, तिसऱ्यांदा त्यांनी उशी उचलली. का नको, हे त्यांनी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. एवढीशी गोष्ट, आणि संसाराचे दोन तुकडे.

"तुझा विचारतो तरी," ताई म्हणाली. "डॉक्टरकडे जा म्हणून मागे लागतो. नशीब काढलंस."

काढलंच आहे. रुसवा पुरता गेलेला नाही, पण तिला म्हटलं, मी डॉक्टरकडे जाते आणि मग तुलाही ओढत नेते.

३ मार्च

गेले एकदाची! हा सोबत येतो म्हणाला होता, पण ऐन वेळी दवाखान्याच्या दारातच थांबला. म्हणे आत बायकाच बायका.

डॉक्टरीण माझ्याहून तरुण. मी सुरुवात केली, "डॉक्टर, मला तिथे —" आणि अडले. ती म्हणाली, "योनीत का बाहेर?" इतक्या सहज, जणू गुडघ्याबद्दल विचारतेय. मग मी सुटलेच. मलम, कढत पाणी, साबण, सगळं. मलमाला ती हसली. मीही हसले. किती दिवसांनी!

तपासलं. म्हणाली, कातडी पातळ झालीय, ओलावा कमी झालाय. पाळी जायच्या आधी इस्ट्रोजेन हे हार्मोन घसरायला लागतं, त्यामुळे होतं असं. कितीतरी बायकांना होतं. घाण वगैरे काही नाही — उलट घासून घासून मीच वाढवून ठेवलंय. साबण बंद, जंतुनाशक बंद, नुसतं कोमट पाणी. सुती कपडे. आत लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम दिलंय, गुण यायला काही आठवडे लागतील. संबंधाच्या वेळी वापरायला जेली. संसर्ग दिसत नाही, पण खात्रीसाठी आतलं पाणी तपासायला पाठवलंय.

"म्हणजे सोसायचं नाही?" मी विचारलं.

"कशाला सोसायचं?"

मला तिथेच रडू फुटलं. रागानं. पाळी सुरू होते तेव्हा शाळा सांगते, आई सांगते, ताई सांगते. जाताना काय काय घेऊन जाते, हे एकीनंही सांगू नये? सगळ्यांनी मिळून फसवलंय आम्हाला.

बाहेर आले तर हा फुटपाथवर येरझारा घालत होता. "काय म्हणाली?" मी अजून रागातच होते, एवढंच म्हटलं, रिपोर्ट आला की कळेल. रात्री हा जेवलाही नाही.

४ मार्च

हा साइटवर गेला. जाववत नव्हतं याच्यानं, दारातून दोनदा परत आला. "रिपोर्ट आला की लगेच फोन कर. लगेच."

६ मार्च

रिपोर्ट आला! स्वच्छ! कसलाही संसर्ग नाही. डॉक्टरीण म्हणाली तेच — वय आणि हार्मोन, बाकी काही नाही. साबण सोडल्यापासून आगसुद्धा निम्म्यावर आलीय. आज उतारावर हळूबाईंनी स्वतः गाडी चढवली, मी ब्रेकला पायही लावला नाही. तिला मोठ्यानं शाबासकी दिली.

ताईला सांगितलं. सोमवारी तिची वेळ घेतलीय. नको-नको म्हणत "साडी नेसू का ड्रेस घालू" असं विचारत होती, म्हणजे येणार.

याचा फोन आला तेव्हा मुद्दाम नाही सांगितलं. "आल्यावर सांगते," म्हटलं, लाडात. जेली आणलीय, तेही नाही सांगितलं. समोर बसवून सांगायचंय. या महिन्यात शरीर फिरलं, दुकानदारानं चारचौघांत लाज काढली, ताईनं परकं केलं — एक हाच तेवढा माझ्या बाजूनं उभा राहिला. याचं तोंड बघायचंय मला सांगताना.

७ मार्च

काम अर्धवट टाकून हा सकाळीच दारात! दाढी वाढलेली, डोळे लाल. मी हसतच सांगितलं — संसर्ग नाही, रोग नाही, नुसतं वयाचं आहे. हा तिथेच, चपलांच्या शेजारी मटकन बसला आणि तोंड झाकून ढसाढसा रडला. मी जवळ घेतलं. पाठीवरून हात फिरवत होते तेव्हा म्हणाला, "म्हणजे माझ्याकडून नाही ना आलं?"

माझा हात थांबला.

"कोण आहे ती?" मी विचारलं. आणि तो सांगायला लागला.