पाठीतली सुई

मंगळवार, दिवेलागण

वाळूजची शिफ्ट बुडवून पोरीला, सुमनला, घेऊन दवाखान्यात निघालो, पण नामांतराच्या बंदात पोलिसांनी क्रांती चौकातूनच परत फिरवलं. पोरीची पाठीतली सुई चुकली. डॉक्टर म्हणालेत, औषधानं रक्त साफ झालं तरी हा रक्ताचा कॅन्सर डोक्यात लपतो, म्हणून पाठीच्या कण्यातून तिथवर औषध पोचवणारी ही सुई. मला लगेच पटलं होतं. गावाकडं आमच्या कळपातली धडधाकट मेंढी अशीच एके दिवशी गरगर फिरायला लागायची. डोक्यात किडा निघायचा.

आत्ता अंगणात पोरगी गरगर फिरताना दिसली अन् मी केवढ्यांदा ओरडलो! "आबा, मी खेळत व्हते," रडवेली होऊन म्हणाली. तिला काय सांगू, मेंढीचं? उद्या तरी सुई मिळंल का?

तिची आई म्हणते, आजारी पडल्यापासून पोरगी आज पहिल्यांदाच खेळत व्हती.