तीन नंबर शेडचं बटण

१५ सप्टेंबर २०२५
लागली एकदाची नोकरी! अंबरनाथ एमआयडीसीतला केमिकलचा कारखाना, नेटवर्कचं सगळं काम माझ्याकडे. बेलवलीहून रिक्षानं सुखात येता येतं. जाच एकच, आगीच्या भीतीनं फोन गेटवर जमा. म्हणून ही रोजनिशी ऑफिसच्या लॅपटॉपवर. कँटीनच्या भागीरथीमावशींनी पहिल्याच दिवशी वडा जास्तीचा वाढला. मॅनेजर महिपती सर म्हणाले, काही अडलं तर बिनधास्त विचार. माणसं बरी दिसतायत.

१८ सप्टेंबर
आज फायरवॉल उघडली. ती आमच्या नेटवर्कची वॉचमन. प्रत्येक निरोपाचं पॅकेट तिच्यापुढून जातं. ती सोडते, नाहीतर तिथंच टाकून देते. मी पॅकेटं पकडून बघत बसले. एक नियम सापडला: तीन नंबर शेडकडून येईल ते सगळं टाकून द्या. शेड तर वर्षभर बंद आहे म्हणे. मग पाठवतंय कोण?

२२ सप्टेंबर
फिल्टर लावून शेडचीच पॅकेटं वेगळी काढली. सगळी मदतीच्या बटणाची. ते दाबलं की ड्युटीवरच्या माणसाचं नाव कंट्रोल रूमला जातं. प्रत्येकात एकच नाव, राजरत्न. इलेक्ट्रिशियन संतोषला विचारलं तर त्याचा चेहराच उतरला. म्हणाला, मॅडम, शेड बंद झाली तेव्हा त्या बटणाची वायर मी स्वतः कापलीय.

२४ सप्टेंबर
डोकं फिरलंय माझं. राजरत्न म्हणजे भागीरथीमावशींचा मुलगा. संतोषनं आज सगळं सांगितलं. मागच्या खंडेनवमीला मशीनची पूजा होती. धुपाच्या धुरानं अलार्म केकाटतो, म्हणून महिपती सरांनी शेडचे सगळे निरोपच अडवायला लावले. राजरत्नला दसऱ्याला दीक्षाभूमीला जायचं होतं. नवमीपासूनच सुट्टी मागितली, दिली नाही. वर सुनावलं, तुम्ही लोक पूजा करत नाही ना, मग शेड सांभाळ. गॅस सुटला. पोरगा बटण दाबत राहिला आणि हे नारळ फोडत होते! आतच गेला तो. नंतर म्हणे, त्यानं बटण दाबलंच नाही, चूक त्याचीच. मावशींकडे गेले तर एवढंच म्हणाल्या, राजूनं हाक मारली असणार गं, मला माहितीये.

२५ सप्टेंबर
नियम काढून टाकला. पॅकेटांचे कागद सरांच्या टेबलावर आपटले. चहा ढवळत म्हणतात, नवमीला पूजा करून शेड पुन्हा चालू करतोय, जुनी मढी उकरू नकोस. लाज कशी वाटत नाही या माणसाला!

२९ सप्टेंबर
पॅकेटं येतायतच. वायर कापलेलीच आहे, हात लावून बघून आले. पण आता नाव राजरत्न नाही. मनाली. माझं. संतोषवर भडकले, ही कसली मस्करी? त्यानं आईची शपथ घेतली.

३० सप्टेंबर
उद्या शेडच्या ड्युटीवर मी. सरांनी आडनाव बघून ठेवलंय माझं. तेच शब्द, तुम्ही लोक पूजा करत नाही ना. संताप, संताप! मी नाही बसले तर दुसऱ्या कुणाला बसवतील. तोंडावर सांगितलं, बसते, पण तो नियम पुन्हा लागला तर पोलिसात जाईन. संतोषनं नवी वायर टाकली. बटण दाबून बघितलं, निरोप पोचला.

१ ऑक्टोबर
शेडमध्ये. समोर लॅपटॉप. बाहेर धूप पेटला. अलार्म एकदाच वाजला — गप्प.

नियम परत लावलाय. हरामखोर. पासवर्ड बदललाय, नुसतं बघता येतंय, काढता —

डोळे चुरचुरतायत. हा धुपाचा वास नाही. दार — धूर आत नको म्हणून बाहेरून कडी घातलीय —

बटण दाबलं. टाकून दिलं. परत दाबलं. टाकून दिलं.

हात काढला तरी बटण आत जातंय. शेजारी कुणीतरी — तोही दाबतोय —

आरती सुरू झाली. टाळ्या. मावशी, आम्ही हाक मारतोय —

आता दोन नावं येतायत. राजरत्न. टाकून दिलं. मनाली. टाकून