ओढ्याकडच्या ओळींची जात

आये, आधी हातानं केलेल्या वस्तू सांगतो, मग बाकीचं. द्राक्षाच्या मांडवाचे सगळे लोखंडी अँगल मी कापले, मी जोडले. घड चिरडायचं यंत्र जुन्या मळणी यंत्राच्या सांगाड्यातून काढलं. रस दाबून काढायचा दाबा ट्रकच्या जॅकवर बसवला; त्याला पकडीची जी चक्ती लागते ती बाजारात मिळत नाही, म्हणून ती कानशीनं घासून घरी केली. डेअरीनं मोडीत काढलेल्या दुधाच्या दोन टाक्या आणल्या, आतून घासून आरशासारख्या केल्या, त्यांना नळ बसवले. बाटलीला बूच ठोकायचा दांडा हापशाच्या दांड्यापासून केला. शेडच्या पायऱ्या माझ्या, पत्रे माझे, वायरिंग माझं. दाराची चौकट तेवढी सुतारानं केली आणि सगळ्या शेडमध्ये तेवढीच वाकडी आहे. यातलं काही मला कुणी शिकवलं नाही. वाइन करायलाही कुणी शिकवलं नाही. पुस्तकं आणली, शब्दकोश शेजारी ठेवून वाचली, दोन हंगाम रस नासवला आणि तिसऱ्या हंगामाला जमलं.

वाइन म्हणजे दारू का, असं तू पहिलं विचारशील. व्हय. त्यावर आपण भांडायचं नाही. परवाना रीतसर आहे, भिंतीवर काचेत लावलाय, आणि आंबिलीच्या मडक्याला कान लावून "आली बघ" म्हणणारी बाई मला नासवण्याबद्दल काही बोलू शकत नाही. मी टाकीला कान लावतो तेव्हा अगदी तुझ्यासारखाच वाकलेला असतो, असं तुझी सून म्हणते. तू गेलीस तेव्हा मी हायवेच्या कंपनीत फिटर होतो आणि वरच्या माळावर कुसळांशिवाय काही उगवत नव्हतं. आता तिथं एक एकर द्राक्ष आहे. भाताच्या मुलखात द्राक्ष लावतो म्हणून गावानं लई दात काढले. "पावसात घड पोहायला शिकवणार का?" असं चावडीवर विचारायचे. पण घड धरायचा तो हिवाळ्यात, पाऊस गेल्यावर, आणि माळाला पाणी थांबत नाही, हे मी त्यांना एकदाच सांगितलं. दुसऱ्यांदा सांगत बसलो नाही.

तर घोळ असा झाला. रोपं आणली ती सगळी शिराज म्हणून आणली. शिराज ही परदेशातली काळ्या द्राक्षाची जात, तिची लाल वाइन होते, आणि ते नाव पुण्यातल्या हॉटेलात माणसं कौतुकानं घेतात. पहिली वर्षं मी द्राक्षंच विकली, वाइनवर नुसता हात बसवला, तेव्हा काही कळलं नाही. वाइन बाटलीत भरून विकायची ठरवली त्या हंगामात ऑक्टोबरची छाटणी झाली, नवी पानं आली, आणि मी एकेक ओळ बघत खाली ओढ्यापर्यंत गेलो. वरच्या ओळींचं पान बघितलं तर देठाजवळची खाच उघडी. ओढ्याकडच्या ओळींचं बघितलं तर खाचेच्या दोन्ही कडा एकमेकींवर चढलेल्या, लुगड्याच्या निरीसारख्या. मी म्हटलं, माती वेगळी असेल. मग घड धरले तर ते सुटे, आणि पिकायलाही वरच्यांपेक्षा उशीर. तरी मी मातीलाच दोष देत राहिलो, कारण रोपं निवडताना मीच प्रत्येक काडी हातात घेऊन बघितली होती ना. शेवटी पानं आणि घड पिशवीत घालून पुण्याला द्राक्षं जाणणाऱ्या एका बाईंकडे नेले. त्यांनी भिंगातून बघितलं, पुस्तकं चाळली, आणि म्हणाल्या, "शिराज नाही हे नक्की. काय आहे ते मात्र मला सांगता येणार नाही." मला त्या बाई फार आवडल्या. जेवढं माहीत तेवढंच बोलल्या.

इकडे शिराजची लेबलं वरच्या निम्म्या आणि ओढ्याकडच्या निम्म्या अशा सगळ्या मालासाठी छापून तयार होती. आता नियम असा आहे, आये, की बाटलीवर जातीचं नाव घालायचं तर आत मुख्यत्वे तीच जात पाहिजे. एकाहून जास्त जाती मिसळल्या तर जी जास्त तिचं नाव आधी, कमी तिचं नंतर. साधा नियम आहे, मला तो वाचल्याबरोबर पटला. तो वाचताना मला भोरचा बाजार आठवला आणि शेडमध्ये एकटाच हसलो. तू हसली नसतीस.

तो बाजार आत्ता पुढ्यात आहे. तू पोत्यामागं उकिडवी बसली आहेस, मी शाळकरी पोर बाजूला. पाली तुझं माहेर, तिथनं आणलेल्या बियाण्याचा आंबेमोहर आपल्या खाचरात होतो, पण त्या साली तो कमी झालाय, म्हणून पोत्यात निम्मा कोळंब, म्हणजे बिनवासाचा स्वस्त तांदूळ आहे आणि वर हातभर आंबेमोहराचा थर. कचेरीतल्या साहेबांच्या बाई येतात, मूठ नाकाशी नेतात. "मावशी, अस्सल आहे ना?" तू म्हणतेस, "वास घ्या की, ताई. उभ्या भोरात असला मिळायचा न्हाई." आणि मी म्हणतो, "आये, निम्मा कोळंब हाय की खाली." बाई एवढ्या हसल्या की त्यांच्या हातातला तांदूळ सांडला. कमी भावानं एकच पायली घेऊन गेल्या. तू मला मारलं नाहीस. एसटीत मात्र शेजारी बसवलं नाहीस, मागच्या बाकावर एका बोकडाजवळ बसवलंस. रात्री ताट वाढलंस आणि तुपाचं भांडं फळीवर परत ठेवलंस. "खरं बोललास, ब्येस केलंस. आता खऱ्याचा भात खा, बिनतुपाचा."

पण पुढच्या बाजाराला तू काय केलंस? दोन पोती वेगळी बांधलीस, तिसरं मिसळीचं, आणि मला तिन्हींच्या पुढं उभं केलंस. कुणी भाव विचारला की माझ्याकडं बोट. "ह्यो आमचा हरिश्चंद्र. कशात काय हाय ते ह्याला इचारा, मला न्हाई." गिऱ्हाइकांना गंमत वाटायची, ती मुद्दाम विचारायची. "हरिश्चंद्र, ह्यात काय रं?" मी ओरडून सांगायचो. "आये, घसा सुकला." "सुकू दे. खरं बोलायची हौस तुला हाय, मला न्हाई." पोती दुपारच्या एसटीआधी रिकामी झाली. तू ती झटकलीस, घडी घातलीस आणि म्हणालीस, "आज तांदळाला वासच चांगला हुता." माझ्यामुळं खपला असं तू मेलीस तरी कबूल केलं नाहीस. पण परत येताना स्टँडासमोरच्या दुकानातनं मला पत्र्याची मोजपट्टी घेऊन दिलीस, न मागता. तीच पट्टी लावून मी आज बाटल्यांना लेबलं चिकटवतो. खालून साडेसात सेंटिमीटर. एकही बाटली वरखाली नाही.

तर ओढ्याकडची द्राक्षं मी वेगळी तोडली, वेगळ्या टाकीत आंबवली. आणि आये, माझ्याच शिराजला तिनं मागं टाकलं. वास असा की जांभळं, ओली माती आणि थोडी मिरी. तुझी सून एक घोट घेते, तोंड वाकडं करते आणि कपाट उघडून स्वतःच आणखी एक घेते, यावरून मी ओळखलं. आता हिचं नाव काय? सून म्हणाली, "सासूबाईंचं नाव द्या." मी म्हटलं, "दारूच्या बाटलीवर तिचं नाव? वरनं खाली येईल आणि दोघांना बडवेल." ती म्हणाली, "मग शिराजच राहू द्या. लेबलं हायतच छापलेली. बारशाआधी पोराला बाळ म्हणत्यातच की." मी म्हटलं, "बाळ म्हणत्यात. शेजारच्याचं नाव लावत न्हाईत." त्यावर ती दोन दिवस माझ्याशी त्या शिराजच्या लेबलांच्या मागं हिशेब लिहूनच बोलत होती. दूध दोन लिटर, गॅस संपलाय, वगैरे. शेवटी मी नवं लेबल केलं. वर मोठ्या अक्षरात 'ओढ्याकडची लाल'. खाली, वाचता येईल एवढ्या अक्षरात, 'द्राक्षाची जात: ओळखता आलेली नाही'. छापखानेवाल्यानं फोन करून दोनदा विचारलं की हे चुकून राहिलंय का.

दिवाळीनंतर पुण्याहून एक हॉटेलवाला आला. तरतरीत माणूस, बोलायला गोड, पायातले बूट शेडबाहेर काढून आला म्हणून मला बराही वाटला. चव घेतली, डोळे मिटले. "काका, कमाल आहे. कुठली जात?"

"ठाऊक नाही."

"म्हणजे सांगायची नाही?"

"म्हणजे ठाऊक नाही. लेबल वाचा की."

त्यानं वाचलं आणि बाटली खाली ठेवली. सगळा माल घेतो म्हणाला, एकूण एक बाटली, पुढच्या तीन हंगामांचंही लिहून देतो, पण लेबल शिराजचं. मी नियम सांगितला. तो म्हणाला, तुमच्या दुसऱ्या टाकीतली थोडी शिराज मिसळा, मग खोटं कसं? मी म्हटलं, "मिसळली तरी जास्त कोण? ओढ्याकडची. तिचं नाव आधी यायला पाहिजे, आणि तिला नावच नाही." तो हसला. "काका, गिऱ्हाईक आधी नाव पितं, मग वाइन."

"मग नावंच घेऊन जा. लेबलांचा गठ्ठा पडलाय, फुकट देतो. मागं दुधाचा हिशेब आहे तेवढा खोडा."

आतून चहा घेऊन आलेली तुझी सून खोकली. तो 'आता पुरे' म्हणणारा खोकला तुला माहीत आहे, तूच शिकवलास तिला. मग तो हॉटेलवाला मला एकट्याला गाडीपाशी घेऊन गेला, मोबाईलवर आकडा मांडला आणि माझ्यापुढं धरला. मी तो आकडा नीट बघितला, शून्यं मोजली, आणि नाही म्हणालो. तो रागावला नाही. एक बाटली स्वतःसाठी विकत घेऊन गेला, त्या लेबलासकट. त्यानंतर राजगडावरून उतरलेली पोरं कधी कधी गाडी थांबवतात, लेबल वाचून हसतात, फोटो काढतात, आणि एखादी दुसरी नेतात. बाकीची खोकी भिंतीला लावून आहेत. मी रोज त्यांच्यासमोरून जातो आणि मला, खरं सांगतो, लई बरं वाटतं. आठवड्यातून एखाद्या दिवशी वाटत नाही.

हे पत्र मी कपाटात ठेवणार नाही, वहीत ठेवणार नाही. आत्ता लिहून झालं की चुलीत घालणार आहे, कारण तुझी सून घरात सापडलेला प्रत्येक कागद वाचते. तो हॉटेलवाला गेल्यावर तिनं विचारलं, "किती म्हणत हुता?" मी म्हटलं, दोन लाख. ती म्हणाली, "दोनासाठी कशाला नाव बदलायचं? बरं केलंत न्हाई म्हणालात." आणि त्या रात्री भाकरीवर लोणी दुप्पट पडलं. ते मी गुमान खाल्लं. आकडा कुणाला तरी बरोबर सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही, तेव्हा तुला सांगतो. चार लाख पंच्याहत्तर हजार, आगाऊ, चेकनं.