दादाच्या होडीला मिळालेली मुदत

६ नोव्हेंबर
तीन दिवसांनी गावाला फोन लागला. वादळाने कौलं नेली, दोन माड गोठ्यावर पडले. माणसं ठीक. आईला विचारलं, तू कशी? म्हणाली, "दादा होता म्हणून वाचलो रे." पुन्हा दादा. दहा मिनिटांत सात वेळा. मोजत होतो मी.
होडीचं विचारलं. "तिला काय होतंय. दादाने आदल्या दिवशीच खाडीत आत नेऊन बांधली."
मी तिथे असतो तर मीपण बांधली असती. नाशकात बसून काय बांधणार.

८ नोव्हेंबर
गावच्या ग्रुपवर फोटो. दरडीने रस्ता बंद, म्हणून शाळेची पोरं दादाच्या होडीतून पलीकडे. दादा सुकाणूवर, छाती पुढे. खाली लोकांनी हात जोडलेत. 'देवमाणूस.'
होडी बापसाची. हाकायला पहिला मी शिकलो. दादा तेव्हा मुंबईला होता. तो परत आला आणि दोन वर्षांमागे बापसाने चावी त्याच्या हातात दिली. मला म्हणाला, "तुझं ध्यान कुठे असतं?" त्याच आठवड्यात मी इकडे नाशकात. अंबडला, फायबरच्या कारखान्यात. पाण्याच्या टाक्या.
फोटोला मी पण अंगठा दिला. द्यावा लागतो.

९ नोव्हेंबर
वहीत तरी खरं लिहितो. मी तुळशीच्या लग्नाची वाट बघत होतो. त्याआधी होडीचं सरकारी पासिंग असतं, दोन वर्षांतून एकदा. साहेब येतो, होडी वाळूवर ओढतात, तो तळाला हातोडी मारत जातो.
मागचं पासिंग झालं आणि महिन्याभरात मी भरतीची वाट न बघता घाई केली, होडी कालवांच्या, धारदार शिंपल्यांच्या खडकावर घातली. उजवीकडची तळाची तिसरी फळी चिरली. कोणाला बोललो नाही. बापूस बाजाराला गेला तेवढ्यात फायबर मारलं, वर लांबी घासली, वर रंग. दादाने त्यावर दोनदा रंग दिला, त्याला पत्ता नाही.
यंदा हातोडी तिथे पडणार, बद्द वाजणार. चार लोकांत बापूस त्याला विचारणार, तुझं ध्यान कुठे असतं? किती वेळा बघितलंय हे मी मनात.

१२ नोव्हेंबर
झालं. वादळ झालेल्या भागातल्या होड्यांना पासिंगला तीन महिने मुदतवाढ. जुनाच कागद चालणार. गावात सगळे खूश. आई म्हणते, "दादाचं नशीबच चांगलं."
जेवलो नाही. योगेश, माझ्या खोलीतला, नामपूरचा, पंचवटीत भाजीची गाडी लावतो. "काय व्हयनं रे तुले?"
म्हटलं, भावाला मुदत मिळाली.
"मंग चांगलंच शे ना!" आणि माझी भाकर उचलली.

१४ नोव्हेंबर
कारखान्यातला मेस्त्री उखडला. साचा ओला होता, मी तसंच फायबर मारलं. "ओल्यावर मारतोस? दोन वर्षांत पापुद्रा सुटेल. गिऱ्हाईक जोडे मारेल मला. इतके दिवस काय शिकलास रे?"
ती फळी ओलीच होती. वाळायला वेळ कुठे दिला मी.
आणि दोन वर्षं तर

१५ नोव्हेंबर
फोटो मोठा करून बघितला. पोरं एकोणीस. उजवीकडे जास्त बसलीत. लाइफ जॅकेट चौघांच्याच अंगावर.
होडी गेली तर दादाचं नाव जाईल. हे मला आधी सुचलं. पोरं नंतर. लिहून ठेवतो.
टपरीवर योगेशला सगळं सांगितलं. तो चहा ठेवून बघत राहिला. "तो तुना भाऊ शे का दुश्मन?"
"सांगितलं तर मी चोर. तो पुन्हा देवमाणूस."
"ऱ्हाऊ दे त्याले देवमाणूस. पोरे वाचतीन ना. फोन कर भो."

१६ नोव्हेंबर
जेवणाच्या सुट्टीत लावला. पाचव्यांदा लागला. मागे इंजिन, पोरांचा गलका.
"दादा, उजवीकडची तळाची तिसरी फळी बघ. आजच."
"तीन महिने मुदत आहे रे."
"ती कागदाला. तू फळी बघ."
"नाशकात बसून तुला कशी दिसली?"
म्हटलं, तू बघ फक्त. मग "बरं" म्हणाला, ठेवला.

१९ नोव्हेंबर
आईचा फोन. दादाने होडी वर काढली. फळी दाबली तर बोट आत गेलं. फेऱ्या बंद. पोरं आता शेजारच्या गावच्या होडीतून.
"मुदत असून आपणहून बघितलं त्याने! सरपंच घरी येऊन गेले. बापसाच्या डोळ्यात पाणी."
"कसं कळलं म्हणाला?"
"त्याला होडीचं सगळं कळतं रे."
मीच सांगितलं त्याला, हे ओठावर आलं होतं. फोन ठेवला.
त्याने माझं नाव घेतलं नाही. मला वाचवलं, की कौतुक एकट्याने खाल्लं? दोन्हीचा राग येतो.

२१ नोव्हेंबर
दादाचा मेसेज. 'सुतार मिळत नाही, सगळे लोकांच्या छपरांवर आहेत. नवी फळी आणून ठेवलीय. बापसाला अजून काय बोललो नाही. तू येतोस का'
पुढे काही नाही. चार वेळा वाचला. रागाने लिहिलाय की सरळ, कळेना.
मेस्त्रीकडे रजा मागितली. "किती दिवस?" म्हणाला.
फळी बसवायला दोन दिवस, बापसाशी बोलायला किती? उद्या सांगतो म्हटलं.