स्तुतीत बुडालेली लाँच

मास्तर, आज पुन्हा माझ्या चहात माशी पडली, आणि या अन्यायाची दाद मागायला बर दुबईच्या या वस्तीत एकही कचेरी नाही. शेठचा चहा बशीने झाकून येतो, मुन्शीचा उघडा. रत्नागिरीत तुमच्याकडे फारसी शिकलो, त्याचं फळ हे की मी शेठच्या घराण्याचा इतिहास लिहितोय. बोलतो तो, लिहितो मी.

तुम्ही आम्हांला सुलतानाच्या दरबारातल्या एका इतिहासकाराचं पुस्तक शिकवायचात. पानोपानी स्तुती. मी म्हणालो होतो, "मास्तर, हा तर थुंकी झेलणारा!" तुम्ही चष्मा काढलात. "गाढवा, त्याच्या मानेशी तलवार होती. स्तुती नीट वाच. हुजुरांच्या एका शब्दावर गावोगावचं धान्य रातोरात छावणीत आलं, असं तो कौतुकाने लिहितो. म्हणजे काय झालं?" लूट झाली, हे मला कळलं होतं. पण हट्टाने मान्य केलं नाही.

इथे तेल लागल्यापासून गावभर सिमेंटच सिमेंट. परवा सिमेंटने भरलेली शेठची लाँच खाडीच्या तोंडाशी बुडाली. माणसं वाचली. शेठ म्हणाला, "लिख मुन्शी, तांडेल झोपला होता." लाँच चालवणारा हा तांडेल आपल्या दाभोळचा. लाँच भरताना मी धक्क्यावरच होतो. "शेठ, आता बस, पाणी आत येईल," तो हात जोडत होता आणि शेठ ओरडत होता, "यल्ला, भर!" झोपेचं ते वाक्य शेठच्या शुक्रवारच्या बैठकीत व्यापाऱ्यांपुढे वाचलं गेलं असतं, तर त्याला पुन्हा कोणी सुकाणूला हात लावू दिला नसता. संध्याकाळी तो दाराशी आला. "मुन्शीजी, माझं काय लिहिलंत?"

"अजून काही नाही. जा," मी खेकसलो. मग लिहिलं: 'शेठजींची हिंमत अशी, की तांडेल नको नको म्हणत असता, त्यांनी स्वतः धक्क्यावर उभं राहून, पाणी काठाला लागेपर्यंत गोणी भरवून घेतल्या.' शेठला वाचून दाखवलं. झोपेची त्याला आठवणही राहिली नाही. "वाह! जुम्म्याच्या बैठकीत सगळ्यांपुढे वाच."

वाचलं. समोर सगळे लाँचवाले व्यापारी. कोणी हसलं नाही. एका म्हाताऱ्याने कॉफीचा पेला खाली ठेवला आणि दाराशी उभ्या तांडेलाला म्हणाला, "उद्यापासून माझ्या लाँचवर ये."

शेठला अजून काही कळलेलं नाही, चीड येते ती याचीच. "असंच लिहीत जा," म्हणतो. आणि मी लिहिणार. इतक्या शतकांत या नोकरीत सुधारणा एवढीच, की तलवारीच्या जागी माशी आली.

हे पत्र टपालात पडणार नाही. मगरिबच्या नमाजानंतर तुमच्या नावाने, गेलेल्या माणसासाठी वाचतात ती फातेहा वाचायला बसलो होतो. खरं सांगतो, मास्तर, पहिली त्या दरबारी इतिहासकाराच्या नावाने वाचली. तुमची नंतर.