मगरिब ते इशा, फक्त इंग्रजी

क्वाला कांगसार, पेराक, मलेशिया
रविवार, दुपार

तीर्थस्वरूप भास्करदादांस,

अनंताचा साष्टांग नमस्कार. (हा नमस्कार केवळ लेखी समजावा. आठांपैकी दोन अंगं, म्हणजे गुडघे, गेल्या वर्षापासून संपावर आहेत.) वहिनींच्या दाढेचं पुढे काय झालं? मागच्या पत्रात तुम्ही त्या दाढेवर दीड पान लिहिलंत आणि ती काढली की ठेवली तेवढं लिहायचं विसरलात. निबंधाला शेवट असावा लागतो हे बत्तीस वर्षं कऱ्हाडच्या पोरांना इंग्रजीतून बजावणाऱ्या शिक्षकाकडून ही अपेक्षा नव्हती.

माझं बरं चाललं आहे. संग्रहालयातले संस्कृत शिलालेख वाचायला दोन वर्षांसाठी आलो, त्याला एकोणीस वर्षं झाली. शिलालेख संपत आले, मी अजून आहे. ज्यांच्या मागच्या खोलीत मी राहतो त्यांना गाव पाक तालिब म्हणतं, मी मनातल्या मनात तालिबराव म्हणतो. पूर्वी लॉरी चालवायचे, आता गुडघ्यांच्या बाबतीत माझे सहाध्यायी. त्यांची पत्नी रोहायाबाई सकाळी दारात नारळाच्या दुधातला भात विकतात आणि उरलेला दिवस मुलीची काळजी करतात. मुलगी सुहैला, वय सतरा, यंदा पाचव्या फॉर्मच्या, म्हणजे इथल्या शालान्त परीक्षेला बसते आहे. तिला इपोहच्या नर्सिंग कॉलेजात जायचं आहे आणि तिथे इंग्रजीत चांगला शेरा असल्याशिवाय अर्जसुद्धा घेत नाहीत. मुलगी लिहायला बरी, पण बोलण्याची परीक्षा म्हटली की तिची वाचा बसते. सराव परीक्षेत दोघीदोघींना समोरासमोर बसवून संभाषण करायला सांगितलं, तेव्हा ही तेरा मिनिटं फक्त हसत होती. परीक्षकांनी शेरा लिहिला की विद्यार्थिनीचा स्वभाव गोड आहे. गुण मात्र शून्याच्या आसपासच दिले.

मग घरानं कंबर कसली. रोहायाबाईंनी कोंबडीच्या अर्काच्या छोट्या काळ्या बाटल्यांचं खोकं आणलं. हा अर्क प्यायल्यानं मेंदूला तरतरी येते अशी इथल्या सर्व जातिधर्मांच्या आयांची एकमुखी श्रद्धा आहे. (मलाही एक दिली होती. शाकाहारी असल्याचं सांगितलं, तर त्यांनी इतक्या करुणेनं पाहिलं की जणू माझे सगळे शिलालेख मी चुकीचेच वाचले असणार.) शिवाय मशिदीत सामुदायिक कुराणपठणासमोर ठेवलेलं पाणी होतंच, ते रोहायाबाई सुहैलाच्या पेल्यात, भातात आणि खात्री असावी म्हणून तिच्या परीक्षेतल्या साथीदारिणीच्या बाटलीतही घालत. माझ्याकडे व्याकरण सोपवण्यात आलं. ज्याला संस्कृत येतं त्याला इंग्रजी काय अवघड, असा तालिबरावांचा सरळ हिशेब. मी तिला इंग्रजी क्रियापदं रामः रामौ रामाःच्या चालीवर घोकायला लावली. चार दिवसांत तिला चाल पाठ झाली.

तालिबरावांचा उपाय मात्र मूलगामी होता. मगरिबच्या म्हणजे संध्याकाळच्या नमाजापासून इशाच्या नमाजापर्यंत, सव्वा तास, घरात इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलायची नाही. हा सव्वा तास म्हणजे या घराची खरी गजबजीची वेळ; जेवण, चहाड्या, सुनावणी, सगळं त्यातच. पहिल्या संध्याकाळी रोहायाबाईंनी भाताकडे बोट दाखवून ‘राइस?’ म्हटलं, तालिबराव ‘येस’ म्हणाले, मग माशाकडे बोट, पुन्हा ‘येस’, आणि तिथे त्या कुटुंबाचं वाङ्मय संपलं. पुढे आठवडाभर त्या घरात सव्वा तास मौन चाललं. मांजर तेवढं मातृभाषेत बोले. शेजाऱ्यांना वाटलं नवराबायकोत बिनसलं. बातमी पलीकडच्या गावी रोहायाबाईंच्या थोरल्या बहिणीपर्यंत गेली आणि ती फणसाची भाजी घेऊन समेट घडवायला नेमकी मगरिबनंतर दारात उभी राहिली. काय झालं म्हणून तिनं तिघांना तीनदा विचारलं. नियम मोडायचा नाही आणि इंग्रजीत सांगता येत नाही, म्हणून तिघांनी मान खाली घातली. योग्य शब्द शोधता शोधता रोहायाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. बहिणीनं ते पाहिलं आणि घटस्फोट झाल्याचं नक्की समजून ती भाजीचं भांडं ठेवून रडतच बाहेर पडली. इशा झाल्यावर तालिबराव मोटरसायकलवर तिच्या मागे धावले.

आणि सुहैला? ती पूर्वी इंग्रजीत गप्प होती, आता मलयमध्येही कमी बोलायला लागली. एके दिवशी विहिरीजवळ मला म्हणाली, “अंकल, सगळे माझ्यासाठी एवढं करतात ना, की तोंड उघडलं तर ते सगळं सांडेल असं वाटतं.” व्याकरणात अशा वेळेसाठी सूत्र नाही.

आता मुख्य प्रसंग. इथे परीक्षेआधी शाळेत एक विधी असतो. आईबाप खुर्च्यांवर रांगेनं बसतात, मुलं समोर गुडघ्यांवर बसून त्यांचा हात कपाळाला लावतात, आजवरच्या अपराधांची क्षमा मागतात, आईबाप क्षमा करून आशीर्वाद देतात. मग मुलं गुरूंकडे येतात आणि शिकलेलं ज्ञान आम्हाला मोकळ्या मनानं दिलं असं म्हणा, अशी विनंती करतात. गुरूचं मन त्यात नसेल तर ती विद्या लाभत नाही. (आपल्याकडे शिकवण्या घेणाऱ्यांकडून असं काही वदवून घेता येईल का, याचा मी बराच वेळ विचार केला.) मीही त्या रांगेत होतो. सुहैलानं हात कपाळाला लावला तेव्हा, मी दिलेली चाल मी मोकळ्या मनानं दिली, असं मी म्हणालो.

रोहायाबाईंनी लेकीला चटकन क्षमा केली आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून पोटभर रडल्या. तालिबराव मात्र आदल्या दिवसापासून म्हणत होते की मी क्षमा इंग्रजीतच करणार. सुहैला समोर बसली. त्यांनी तोंड उघडलं आणि पहिल्याच शब्दाला अडकले. घाम फुटला. मागे दीडशे मुलांची रांग. सुहैलानं खालून पुढचा शब्द पुरवला. त्यांनी तो म्हटला, पुन्हा अडकले, तिनं पुन्हा पुरवला. शेवटी तिनं बापाला इंग्रजीतच विचारलं, “अबाह, तुम्हाला नेमकं म्हणायचंय काय?” ते मोडक्या इंग्रजीत म्हणाले की क्षमा तू नाही, मी मागायची आहे, तू लहान होतीस, मी अकरा वर्षं लॉरीवर होतो, घरी आलो की तू झोपलेली असायचीस. या वाक्यातलं एकही क्रियापद जागेवर नव्हतं. सुहैलानं ते सगळं एकेक करून नीट लावलं, का लावलं तेही समजावलं, त्यांच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. तिसऱ्यांदा ते बिनचूक म्हणाले आणि तेव्हा कुठे तिला वाक्य ऐकू आलं. मग तिनं त्यांचा हात कपाळाला लावला तो सोडलाच नाही. रांग सात मिनिटं खोळंबली होती. तिच्या इंग्रजीच्या बाई, मिसेस वोंग, खांबाला टेकून ऐकत होत्या. त्या मला एवढंच म्हणाल्या, “या मुलीनं आत्ता माझा अख्खा तास घेतला.”

पुढच्या आठवड्यात बोलण्याची परीक्षा झाली. साथीदारीण तक्रार करत होती की सुहैला तिला बोलूच देईना. आता सहा आठवड्यांनी लेखी परीक्षा आहे. सध्या रोज मगरिब ते इशा सुहैला आपल्या बापाला इंग्रजी शिकवते. तालिबराव चूक करतात, ती पुस्तक काढते, नियम शोधते, समजावते. असा तिचा सगळा अभ्यास होतो आणि घरातलं मौनही संपलं आहे. बहिणीकडून फणसाची भाजी आली, या वेळी न रडता.

तर असं सगळं गोड झालं. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. लोभ आहेच, त्याची वाढ तुमच्या उत्तरावर.

तुमचा,
अनंता

ता. क. एक गोष्ट वर लिहिली नाही. परवा टायरवाल्याकडे मी तालिबरावांना फोनवर बोलताना ऐकलं. पलीकडे सिंगापूरचा कोणी जुना गोदामवाला असावा. दहा मिनिटं अस्खलित इंग्रजी, वर दोन विनोद. अकरा वर्षं लॉरी घेऊन सिंगापूरला जाणारा माणूस जकातीवर काय मलयमध्ये भांडला असेल? फोन ठेवून ते वळले तर समोर मी. ते म्हणाले, “चिकगू (म्हणजे गुरुजी), पोरीला बोलायचं नाही हं. त्या दिवशी पहिल्या वाक्याला मी खरंच अडकलो. पुढे मुद्दाम अडकत राहिलो.”

ता. क. २. यामुळेच हे पत्र. तालिबरावांच्या चुका संपत आल्या आहेत. चांगलं इंग्रजी येणाऱ्याला रोज नव्या चुका सुचणं किती कठीण असतं याची मला कल्पना नव्हती. काल सुहैला म्हणाली, “अबाह, ही चूक मंगळवारचीच. तुम्हाला यायला लागलंय वाटतं, उद्यापासून बंद करू या का?” बंद झालं तर तिचाही अभ्यास बंद. बत्तीस वर्षांच्या वह्या तपासून तुमच्याजवळ चुकांचा जो ठेवा जमला असेल तो सगळ्या कऱ्हाडात दुसऱ्या कोणाकडे नसणार. त्यातल्या दोनेकशे निवडक, एकमेकींसारख्या नसलेल्या, परतीच्या टपालानं पाठवाव्यात.

ता. क. ३. दुरुस्त्या सोबत नकोत, त्या शोधणं तिचं काम. माझ्यासाठी मात्र वेगळ्या कागदावर, बंद पाकिटात पाठवा. गेल्या आठवड्यातल्या तीन चुका मला चुका वाटल्या नव्हत्या.